मेलेल्याने भिंतीकडे बसायचं

"मागचा जिना संपला," साहेब म्हणाले, "पुढचं बोलूया," आणि तिने खुर्ची फिरवली. तिने फिरवली असं म्हणणंही तितकंसं खरं नाही. खुर्ची चाकांची होती, फिरण्याच्याच कामाची, आणि टाचेने जमिनीला जो रेटा दिला तो तिला विचारून दिलेला नव्हता. टेबलाभोवतीची माणसं, टेबलावरचं वृद्धाश्रमाचं पुठ्ठ्याचं मॉडेल, पाण्याचे ग्लास, सगळं एकदम डावीकडे सरकत गेलं आणि नाहीसं झालं, आणि नाकासमोर भिंत आली. पांढरी, नुकतीच रंगवलेली. तिच्यात एक खिळा आणि खिळ्यावर काहीच नाही. हात आपोआप मांडीवर गेले, एकावर एक. पाठ ताठ, तोंड बंद, अगदी रविवारच्यासारखं. आणि मग, पाण्यात हात घातल्यावर ते कढत आहे हे जरा उशिरा कळतं तसं, तिला कळलं की आज रविवार नाही, हे घरचं जेवणाचं टेबल नाही, आणि आपण ऑफिसच्या मीटिंगमध्ये, बाहेरच्या माणसांसमोर, साहेबांकडे पाठ करून बसलो आहोत.

"मॅडम?" हा मागून इंजिनियरचा आवाज. "चक्कर आली का हो?" हा वृद्धाश्रमाच्या संस्थेच्या चिटणिसांचा. "मान अवघडली" एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. हसून, मान चोळत परत फिरता आलं असतं. पण मेलेल्याने बोलायचं नाही हा नियम अंगात इतका भिनला होता की ओठ उघडेचनात. घोडं पेंड खात होतं ते तिथेच. जितका वेळ जात होता तितकं ते साधं वाक्य अवघड होत चाललं होतं, आणि कान तापत चालले होते. साहेबांना चार लोकांसमोर तमाशा झालेला खपत नाही. "असू दे, असू दे," ते म्हणाले, "त्या ऐकताहेत. आपण पुढे जाऊ." झालं. शिकल्यासवरलेल्या माणसांचं हे एक बरं असतं, डोळ्यांदेखत आक्रीत घडलं तरी ते घडलंच नाही असं ठरवून पुढच्या मुद्द्यावर जाता येतं. कागद सरकले, कुणीतरी घसा खाकरला, आणि मीटिंग तिच्या पाठीमागे पुन्हा सुरू झाली.

नियम नणंदेचा. नणंद दातांची डॉक्टर; आठवडाभर लोकांच्या तोंडात डोकावते आणि रविवारी दुपारी पडदे ओढून घरच्या माणसांना भुतं दाखवते. घरची माणसं म्हणजे भाऊ, वहिनी म्हणजे ही, आणि वडील. खेळाला पट लागत नाही, सोंगट्या लागत नाहीत, नुसतं बोलणं. तुम्ही कुठे आहात, काय दिसतं, कसला आवाज येतो, हे नणंद सांगते. प्रत्येकाने एकेक पात्र घेतलेलं असतं. ते आता काय करील हे ज्याचं त्याने सांगायचं, आणि जमेल की नाही अशी शंका आली तर फासे टाकायचे. सूत्रधार ती. तिचा आवाज मऊ, पेशंटला "काही दुखणार नाही हं, जरा आ करा" म्हणतानाचा, आणि त्याच आवाजात तिने तळघराचं दार आपसूक उघडल्याचं सांगितलं की अंगावर सर्रकन काटा येतो. भाऊ बिचारा नेहमी पहिला मरतो. त्याचं पात्र ठरलेलं, इन्स्पेक्टर. "तुम्ही थांबा, मी बघून येतो" म्हणतो आणि एकटा जातो. एक इन्स्पेक्टर विहिरीत गेला, पुढच्या वेळी त्याचा भाऊ आला, तोही इन्स्पेक्टर. तो आरशात गेला, तर त्याचा चुलतभाऊ. "अख्खं खानदान संपवलंस की रे," बाबा म्हणतात. बरं, मेल्यावर गप्प बसेल तर शपथ. तिकडे जाऊ नका, मी तिथेच मेलो. बाबा, कंदील घ्या, कंदील! जिवंतपणी नव्हती ती सगळी अक्कल त्याला मेल्यावर सुचायची. शेवटी बहीण वैतागली. "दादा, मेलायस ना तू? मग भिंतीकडे तोंड कर. मेलेल्यानं बोलायचं नाही. ऐकायचं." वैतागून केलेला नियम, पण त्याने खेळाचं रूपच पालटलं. कारण भिंतीकडे बसलं की मागे जिवंत असलेली आपली माणसं नेमकी चुकीच्या दाराकडे चालली आहेत हे ऐकू येतं, आणि काही म्हणता येत नाही. त्याइतकं भयंकर नणंदेलाही कधी काही सुचलेलं नाही.

"यामुळे मेन्टेनन्सही कमी होतो," साहेब मागे सांगत होते. त्यांचा सांगण्याचा आवाज आणि पटवण्याचा आवाज वेगळा आहे. आता पटवण्याचा चालू होता, म्हणजे शब्दाच्या शेवटी किंचित वर जाणारा. इतकी वर्षं त्यांच्या शेजारी बसून हे तिच्या लक्षात आलं नव्हतं. शेजारी बसल्यावर तोंड दिसतं, आणि साहेबांचं तोंड फार आत्मविश्वासाचं आहे. भिंतीला आत्मविश्वास नसतो. भिंतीवरून नुसता आवाज परत येतो, आणि तो आवाज घाबरलेला होता. काम हातचं जाईल म्हणून घाबरलेला. तिला जरा बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

ती स्वतः जन्माची घाबरट. आई तिला भित्री भागूबाई म्हणायची. आईने न्हाणीघरात पाठवलं की ती दार उघडं ठेवायची आणि गाणं म्हणायची, म्हणजे गाणं थांबलं तर काहीतरी झालं हे बाहेर कळेल. कुठल्याही खोलीत शिरलं की तिची नजर आधी बाहेर पडायची वाट शोधते. लग्नाच्या हॉलमध्ये, दवाखान्यात, पहिल्यांदा सासरी आली तेव्हासुद्धा. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते खोटं नाही, फक्त तिने त्या ब्रह्मराक्षसाला कामाला लावलं. इमारतींचे नकाशे काढायला शिकली आणि त्यातही दारं, जिने, बाहेर पडायच्या वाटा हे तिचं खातं झालं. असल्या बाईने भुताखेतांच्या खेळाला बसावं म्हणजे आगीतून उठून फुफाट्यात जाणं. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात नणंदेने विचारलं तेव्हा नवरा म्हणाला होता, "तिला नको, ती दिवा लावून झोपते." "मग तिलाच तर पाहिजे," नणंद म्हणाली. पहिल्या खेळात ती तारऑफिसातली तारवाली झाली. बुडालेल्या जहाजावरून तारा येत होत्या, आणि प्रत्येक तारेखाली अजून न मेलेल्या एका माणसाचं नाव होतं. तळवे घामेजले. आणि खेळ संपून पडदे उघडल्यावर खिडकीतून ऊन आत आलं तेव्हा तिला इतकं हलकं वाटलं की ती स्वयंपाकघरात जाऊन एकटीच हसली. त्या दिवशी झोपताना दिवा लावायची आठवणच राहिली नाही.

मग ती वेडीच झाली. किती खेळ झाले! एका खेळात लाकडी ठोकळ्यांचा मनोरा मध्ये उभा असायचा. धाडसाचं काही करायचं तर त्यातला एक ठोकळा अलगद ओढायचा, आणि ज्याच्या हातून मनोरा कोसळेल त्याचं पात्र गेलं. नणंद हलक्या हाताची, दातांची सवय. पण सूत्रधाराने ओढायचं नसतं, म्हणून नुसती ओठ दातांखाली दाबून बघत बसायची. मेणबत्त्यांचा एक खेळ होता, त्यात शेवटी सगळे मरणार हे आधीच सांगून ठेवलेलं. एकेक मेणबत्ती विझत जायची, आणि प्रश्न एवढाच असायचा की अंधार होईपर्यंत तुम्ही एकमेकांशी कसे वागलात. बाबांना तो खेळ आवडायचा. बाबा निवृत्त भूगोलाचे मास्तर, आयुष्यभर मोसमी वारे शिकवले, "हे असलं थोतांड" म्हणत पहिल्या रविवारी बाजूला वर्तमानपत्र घेऊन बसले, आणि पुढच्या रविवारी डोक्यावर रुमाल घेऊन आले. "मी मावशी," म्हणाले. मृतात्म्यांशी बोलते असं सांगून लोकांना गंडवणारी बाई! बाबांनी तिला असा काही आवाज दिला, नाकातला, लाडीगोडीचा, की नवऱ्याने पाणी पिताना ठसका खाल्ला. मावशी खोटी होती, भित्री होती, हावरट होती, आणि घरातल्या प्रत्येकाची लाडकी होती. आणि एका दुपारी, बंद पडलेल्या एका शाळेत, मावशीला खरोखरच ऐकू आलं. बाबा बोलायचे थांबले. रुमाल डोक्यावरून काढून त्यांनी तो मांडीवर घडी केला. "एक मुलगी हजेरी लावते आहे," ते म्हणाले, स्वतःच्या आवाजात, मास्तरांच्या आवाजात, "आणि मला खोटं सांगायला सुचत नाही." मावशी त्या वर्गात राहिली ती राहिलीच. बाबांनी खुर्ची भिंतीकडे वळवली तेव्हा चौघांपैकी एकाचेही डोळे कोरडे नव्हते. भुताच्या गोष्टीला रडायचं असतं हे तिला तोवर माहीत नव्हतं.

"माशांची पेटी इथे," चिटणीस म्हणत होते, आणि पुठ्ठ्यावर बोट आपटल्याचा टप टप आवाज आला. "भेटायला आलेल्या मुलाबाळांना प्रसन्न वाटलं पाहिजे. नाहीतर काय, जिन्याचं दार बघत बसायचं?" म्हणजे तो कोपरा. तिसऱ्या मजल्याच्या टोकाचा बंदिस्त मागचा जिना काढून तिथे बसायची जागा होणार होती. तिसऱ्या मजल्यावर कोण राहणार, तर वॉकर घेऊन चालणारे, हात धरल्याशिवाय न उठणारे. पुढचा जिना देखणा, मधोमध, उघडा, लिफ्टभोवती फिरत गेलेला. खालून जे काही वर येईल ते धुराड्यातून यावं तसं त्यातूनच येणार. बाहेरून एक लोखंडी शिडी होती, आणि एवढ्या इमारतीला नियमाने तेवढं पुरत होतं. "म्हातारी माणसं शिडीवरून उतरतील?" तिने सकाळी विचारलं होतं. "नियमात बसतंय, मॅडम," साहेब म्हणाले. "पण धूर झाला तर माणसं जवळच्या दाराने जात नाहीत, आली त्याच वाटेने जातात, आणि पुढचा जिना तर..." "नियमात बसतंय." नियम म्हटलं की संपलं. आकडे सांगून झाले, नकाशे दाखवून झाले. सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि तो डोलावण्याचा प्रकार तिला ठाऊक होता, पालथ्या घड्यावर पाणी. आणि ती म्हातारी माणसं अजून त्या घरात राहायला आलेलीसुद्धा नव्हती, तरी भिंतीकडे बघताना तिला त्यांच्या सपाता दिसत होत्या. पलंगाखाली नीट जोडीने ठेवलेल्या सपाता. ही गंमत नव्हती. हा जिना गेला तर एके दिवशी, तिच्या हयातीत किंवा नंतर, त्या सपातांतली माणसं त्या देखण्या जिन्याकडे निघणार होती, आणि ती कुठे असेल? अशीच, पाठ करून.

तिचं सगळ्यांत गाजलेलं पात्र म्हणजे पळपुटी. फिरत्या नाटक कंपनीतली प्रॉम्प्टर, विंगेत अंधारात बसून नटांना विसरलेली वाक्यं सांगणारी. अंगात जोर नाही, हाती शस्त्र नाही, फासे इतके वाईट पडलेले की नणंद म्हणाली, "वहिनी, दुसरी कर गं, ही पहिल्या अंकात मरेल." पण पळपुटी मरेना. काही झालं की ती पळायची, आणि पळण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. कंपनी जे नाटक करत होती त्याचा शेवटचा अंक कधीच कोणी केलेला नव्हता. एकही तिकीट विकलेलं नसताना काळोखात प्रेक्षक बसलेले असायचे. एकेक नट गेला. इन्स्पेक्टर तर तिकीटबारीपाशीच गेला. बाबांचा म्हातारा खलनायक रंगपटात गेला. दोन्ही खुर्च्या भिंतीकडे, आणि टेबलाशी फक्त ती आणि तो मऊ आवाज. "रंगमंचावर नायक उभा आहे," नणंद म्हणाली, "पण तो नायक मघाशी मेला. त्याचा चेहरा घालून जे उभं आहे ते वाक्य विसरलंय. ते विंगेकडे वळतं. तुझ्याकडे. वाट बघतंय." सगळ्यांना वाटलं आता ही पळणार. तिलाही तसंच वाटलं. पाय टेबलाखाली खरोखरच दाराकडे वळलेले. आणि मग तिच्या मनात आलं, की ते वाट बघतंय. माझी. म्हणजे मी सांगेन तेच त्याला म्हणावं लागणार. "मी पळत नाही," ती म्हणाली. "मी त्याला वाक्य सांगते." "कुठलं?" "पडदा पाडा." नणंद क्षणभर गप्प झाली. सूत्रधाराला गप्प केलं होतं तिने! मग त्या मऊ आवाजात, अगदी सावकाश, नणंद म्हणाली, "ते तोंड उघडतं. आणि म्हणतं, पडदा पाडा." पुढचं कोणाला ऐकूच आलं नाही, कारण दोन्ही मेलेले नियम धाब्यावर बसवून गर्रकन फिरले होते, नवऱ्याने टेबलावर थाप मारली होती, आणि बाबा उभे राहून टाळ्या वाजवत होते, "वा सूनबाई! वा!" इतका आनंद तिला परीक्षेच्या निकालाने झाला नव्हता, खरं सांगायचं तर लग्नाच्या दिवशीही झाला नव्हता. दुसऱ्या दिवशी ऑफिसात येऊन ती साहेबांच्या शेजारी बसली, आणि त्यांनी लोकांशी बोलताना हात पुढे केला की त्यांच्या हातात हवा तो कागद सरकवत राहिली.

"मग हे पक्कं धरायचं?" साहेबांनी विचारलं. इंजिनियर पेनाचं टोपण उघडत मिटत होता, टक टक, टक टक. त्यालाही पटलेलं नव्हतं, हे त्या टोपणावरून कळत होतं, पण तो बोलणार नव्हता. आणि टेबलाच्या पलीकडच्या टोकाला काठी जमिनीवर किंचित घासली. संस्थेच्या अध्यक्षबाई. पंचाहत्तरी ओलांडलेल्या, सकाळपासून एक अक्षर बोललेल्या नव्हत्या. सगळ्यांना वाटत होतं त्यांना डुलकी लागलीय. भिंतीकडे बसलेलीला मात्र ऐकू येत होतं की पटवण्याचा आवाज वर गेला की दर वेळी ती काठी घासते. जागी होती म्हातारी. चांगली टक्क जागी होती.

आणि त्याच वेळी, कुठल्या कुठे, तिला नवऱ्याची एक फजिती आठवली. एकदा खेळात इन्स्पेक्टर पुलावरून पडला, आणि कुणी काही म्हणायच्या आत नवऱ्याने सवयीने खुर्ची भिंतीकडे फिरवली. बहीण कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "दादा, तुला कुणी मारलं?" "मी पडलो ना." "पडलास. पाणी आहे खाली. मेलास की नाही ते मी सांगायचं. मी तर नाही मारलं तुला. मग कुणाच्या सांगण्यावरून मेलास?" तो त्या दिवशी शेवटपर्यंत जगला, आणि खूष होऊन रात्री सगळ्यांची भांडी घासली. कुणाच्या सांगण्यावरून मेलास! भिंतीसमोर तिला हसू फुटलं. साहेब म्हणाले जिना संपला, आणि आपण निमूटपणे मेलो. साहेब कुठे सूत्रधार होते? त्यांना तर भूतसुद्धा नीट सांगता येणार नाही. ते नियम सांगतात. आणि इथेच सकाळपासून आपलं चुकत होतं, हे तिला लख्ख दिसलं. आपणही नियमच सांगत होतो. आग म्हटली की माणसं नियम सांगतात. भूत म्हटलं की आपण काय करू ते खरं सांगतात.

ती फिरली. चेहरे तिच्याकडे वळले, आणि भीती नेहमीच्या जागी, छातीच्या खाली, होतीच. ती कुठे जाणार. तिने हात लांब करून मॉडेलचं छप्पर उचललं, बाजूला ठेवलं, आणि तिसरा मजला उघडा झाला. इंजिनियरच्या हातातलं टोपण काढून घेतलं, स्वतःच्या पेनांची काढली, आणि ती एकेक करून पुठ्ठ्याच्या खोल्यांत उभी केली.

"दुपार आहे," ती म्हणाली. आवाज मऊ निघाला. दुखणार नाही हं, असा. "जेवणं झाली आहेत. सगळे आपापल्या खोल्यांत पडले आहेत. साहेब, हे तुम्ही. ऐंशी ओलांडलीत, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. चिटणीस, हे तुम्ही, यंत्र लावल्याशिवाय ऐकू येत नाही. इंजिनियरसाहेब, तुमच्याजवळ वॉकर."

"मॅडम, हे काय चाललंय?" साहेब म्हणाले.

"बोलू द्या तिला," अध्यक्षबाई म्हणाल्या. "आणि मी कोण?"

"तुम्ही तुम्हीच."

"म्हणजे आग लागली असं समजायचं ना?" चिटणीस उत्साहाने म्हणाले. "आग लागली तर घंटा वाजेल, कर्मचारी येतील, सर्वांना रांगेने..."

"आग नाही. पुढच्या जिन्यातून काहीतरी वर येतंय."

"काय येतंय?"

"ते माहीत नाही. काळं आहे. पावलांचा आवाज नाही. ज्या दिव्यापाशी पोचतं तो दिवा दिसेनासा होतो. पहिला मजला झाला. आता दुसऱ्यावर आहे. त्याला एक वास आहे." ती इंजिनियरकडे वळली. "कसला वास आहे?"

इंजिनियर हसणार होता. मग म्हणाला, "रबर जळल्याचा," आणि शर्टाची बाही उगाचच खाली ओढली. खोली बदलली. तिला ते क्षणार्धात कळलं. सगळ्यांचे श्वास एकाच वेळी जरा वर अडकले, चौघेही पुठ्ठ्याच्या त्या मजल्यावर येऊन उभे राहिले. दारं लावली गेली. आता कोणालाही बाहेर पडायचं तर तिच्याच हातून.

"मी लिफ्टचं बटण दाबतो," चिटणीस म्हणाले.

"दाबलंत. दार उघडलं. आत अंधार आहे. वाकून बघितलंत तर तो अंधार जरा हलला. आणि तुम्ही आत पाय टाकलेला आहे." तिने टोपण आडवं केलं. "खुर्ची भिंतीकडे करा. मेलेल्यानं बोलायचं नाही."

ते हसत हसत फिरले. भिंत समोर आल्यावर हसू थांबलं.

"मी खिडकीतून बाहेरच्या शिडीवर," इंजिनियर म्हणाला.

"वॉकर?"

"टाकतो."

"बरं. खिडकीच्या कठड्यावर पाय चढवा. म्हाताऱ्याचा पाय आहे. हाताने उचलून ठेवावा लागेल."

त्याचा हात खरंच मांडीखाली गेला. "माझ्या वडिलांना पलंगावरून उतरता येत नाही," तो म्हणाला आणि स्वतःच खुर्ची फिरवू लागला.

"मी अजून मारलं नाही तुम्हाला."

"मारा," तो म्हणाला.

साहेब उरले होते. त्यांना हे आवडत नव्हतं, आणि सोडवतही नव्हतं. कपाळावर बारीक घाम होता. "मी पुढच्याच जिन्याने जातो," ते म्हणाले. "मी आलोच तिथून. मला ती वाट माहीत आहे."

"सगळ्यांनाच तीच माहीत आहे. जा. कठडा हाताला लागला?"

"लागला."

"पहिल्या पायरीवर पाय ठेवलात?"

"ठेवला."

"दिसतोय पाय?"

साहेबांनी टेबलाखाली पाहिलं. खरंच पाहिलं. मग म्हणाले, "नाही." कोणी सांगायच्या आत त्यांनी खुर्ची भिंतीकडे वळवली, आणि हात मांडीवर ठेवले.

आता टेबलाशी ती आणि अध्यक्षबाई. तिला इतकं स्पष्ट, इतकं भरभरून वाटत होतं की बोटांची टोकं झिणझिणत होती. आणि तरी सगळं अजून व्हायचंच होतं, हेही तिला कळत होतं. म्हातारीने आपलं टोपण दोन बोटांत धरलं आणि पुठ्ठ्याच्या बोळातून सावकाश, एकेक खोली ओलांडत, टोकाकडे नेलं.

"मी मागच्या जिन्यानं जाते."

"तिथे जिना नाही."

"मग काय आहे?"

"सोफा आहे. रोपं आहेत. माशांची पेटी आहे."

"मासे काय करताहेत?"

"पोहताहेत."

अध्यक्षबाई टोपणाकडे बघत राहिल्या. काठी घासली नाही. मग त्या म्हणाल्या, "तो जिना परत आणा." खेळातलं म्हणाल्या की मीटिंगमधलं, हे कळायला मार्ग नव्हता, आणि गरजही नव्हती.

"अहो पण ती बसायची जागा..." भिंतीकडून चिटणिसांचा आवाज आला.

"मेलेल्यानं बोलायचं नाही," अध्यक्षबाई म्हणाल्या. "हं. जिना आणलात?"

"आणला," ती म्हणाली. पेन्सिलीने तिने पुठ्ठ्यावरच पायऱ्या काढल्या, आणि रेघा सरळ आल्या. "दार जड आहे. ढकला. मागे ते आपोआप लागलं. इथे वास नाही. कठडा दोन्ही बाजूंना आहे."

"मी कठडा धरला." म्हातारी डोळे मिटून बसली होती. "उतरते आहे. हळू उतरते हं मी."

"हळूच उतरा. घाई नाही. दुसरा मजला. पहिला. खालचं दार उघडं आहे. बाहेर ऊन आहे."

अध्यक्षबाईंनी श्वास सोडला. डोळे उघडून त्यांनी त्या तीन पाठींकडे पाहिलं, साहेबांची, इंजिनियरची, चिटणिसांची. अगदी सभ्यपणे, शाळेतल्यासारख्या ताठ बसलेल्या.

"आणि माझ्यामागून कोण कोण आलं?" त्यांनी विचारलं.

"सगळे," ती म्हणाली, आणि तिघांनीही खुर्च्या फिरवल्या.